चाकं मऊ की कडक?

मैत्रिणींनो, कणीक सैल भिजवावी की घट्ट, यावर आपण तासभर बोलू शकतो. पण चाकं मऊ घ्यावीत की कडक, हा प्रश्न कधी माझ्यापुढे येईल असं वाटलं नव्हतं. तो आला, आणि येताना लेकीच्या हनुवटीला चार टाके घेऊन आला.

आमची लेक अकरा वर्षांची. २०२२ साली गुजरातमध्ये झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने स्केटबोर्डिंगचं सुवर्णपदक मिळवलं, ते तिने मोबाइलवर पाहिलं. तेव्हापासून घरात एकच जप, "आई, मला तशी फळी हवी!" शेवटी वाढदिवसाला आणली.

सोसायटीच्या गुळगुळीत आवारात ती छान चालवायची. एका रविवारी मात्र फाटकाबाहेर गेली. आमचं सालवड तारापूरच्या औद्योगिक वसाहतीला लागून. ट्रकची ये-जा, रस्त्यावर सांडलेली खडी. हरभऱ्याएवढा खडा चाकाखाली आला, फळी जागीच थांबली आणि पोर पुढे आपटली.

सासूबाई म्हणाल्या, "ती फळी आधी माळ्यावर टाक. मुलीची जात, चेहऱ्यावर व्रण राहिला तर?" हे गप्पच होते. खरं सांगते, मलाही तेच वाटत होतं. पण रात्री लेक मुसमुसत म्हणाली, "आई, मी नीट चालवत होते गं. फळीच थांबली!"

मी अर्धवेळ का होईना, शिक्षिका आहे. वर्गात सगळ्यांचंच उत्तर चुकलं, तर मी आधी माझा प्रश्न तपासते. मग इथे नको का तपासायला?

सकाळी फळी उलटी केली. चाकावर लिहिलं होतं, ५२ मिमी, ९९ ए. पहिला आकडा चाकाच्या व्यासाचा, दुसरा कडकपणाचा. आकडा मोठा तितकं चाक कडक. साधारण ७८ ते ८७ पर्यंतची मऊ, ९५ च्या पुढची कडक. कडक चाक दबत नाही, म्हणून गुळगुळीत सिमेंटवर वेगाने पळतं, हवं तेव्हा घसरतं आणि कसरतींना बरं पडतं. खडबडीत रस्त्यावर मात्र प्रत्येक खडा त्याला अडवतो. मऊ चाक खड्यावर थोडं दबतं, आणि मोठं असेल तर त्यावरून सहज चढून जातं. दोन्ही पॉलियुरेथेनचीच. १९७० च्या दशकात ते येण्याआधी या फळ्यांना लोखंडाची चाकंही असत म्हणे!

हे मी सासूबाईंना सांगत होते, तर त्याच म्हणाल्या, "म्हणजे बैलगाडीसारखंच की! लोखंडी धावेच्या गाडीत बसलं की दात वाजायचे. रबरी टायरच्या गाडीत पोरं झोपून जायची."

माळ्याचा विषय तिथेच संपला.

शिकवणीच्या पैशांतून ६० मिमी, ७८ ए ची चार चाकं मागवली. एक गोष्ट लक्षात ठेवा. मोठं चाक वळताना फळीला घासलं तर फळी एकदम अडते. म्हणून फळी आणि चाकांच्या सांगाड्यामध्ये जाड पट्ट्या घालाव्या लागल्या, स्क्रूही लांब लागले. बेअरिंग जुनीच चालली, एका चाकात दोन, एकूण आठ. कडक चाकं डब्यात जपून ठेवली आहेत, आवारातल्या कसरतींसाठी. पाना घेऊन लेक ती स्वतः बदलते.

मऊ चाकांनी पडणं थांबत नाही, हेही सांगायला हवं. हेल्मेट आणि गुडघ्यांची पॅडं लागतातच, आणि ट्रकच्या रस्त्यावर जायला आजही बंदी आहे. आतल्या गल्लीत ती फळी चालवते, तेव्हा सासूबाई खुर्ची टाकून बसतात. हनुवटीवरचा व्रण आहे अजून. लेकीला त्याचं काही नाही. आता सासूबाईही त्याबद्दल बोलत नाहीत.

तुमच्या घरी अशी फळी येणार असेल, तर दुकानात रंग बघण्याआधी चाकावरचा आकडा वाचा. आणि त्याही आधी, आपल्या दाराबाहेरचा रस्ता एकदा चालून पाहा.