थोडं सोसा, वहिनी

कामाने हात मोकळा होतो, यावर माझा पक्का विश्वास होता. नागावच्या वाडीत वाढले, लग्न करून रेवदंड्याला आले. दोन्हीकडे दुखणं अंगावर काढून कामाला लागणारी माणसंच मोठी मानली जायची. पण ही सबब मला पुरत नाही. मी शाळेत शिकवत होते. खांदा हा उखळीचा सांधा, हे फळ्यावर चित्र काढून मुलांना सांगत होते. तो सांधा आतून आखडू शकतो, हे मात्र मी कधी मनात आणलं नाही.

माझ्या मोठ्या जावेला मी वहिनी म्हणते. त्यांचा डावा खांदा धरला तेव्हा पन्नाशी यायची होती. आधी रात्रीचं दुखणं, त्या कुशीवर वळलं की जाग. मग अंबाडा घालताना हात मानेपर्यंत पोचेना, पदर मागे खोचता येईना. कपडे वाळत टाकायला त्या पुतणीला हाक मारू लागल्या. मी मनात म्हटलं, टाळतायत. एका घरात दोन सुना असल्या की कोण किती काम करतं याचा हिशेब न बोलता चालू असतो. तो हिशेब मी ठेवत होते, आणि त्यांच्या दुखण्याची नोंदही मी त्यातच केली.

हाडं बसवणाऱ्या माणसाला बोलावणंही माझंच. खांदा बांधला गेलाय, एकदा ओढून सोडवला की झालं, असं तो म्हणाला. मला ते पटलं, कारण तेच मला ऐकायचं होतं. पडवीत वहिनींना बसवलं, मी मागून त्यांना घट्ट धरलं आणि त्याने हात धरून वर नेला. त्या किंचाळल्या. मी कानाशी म्हणत होते, ‘थोडं सोसा, वहिनी.’ त्यानंतर दुखणं वाढलं, तेव्हा आत काहीतरी सुटतंय असं मीच सगळ्यांना समजावलं.

बऱ्याच वर्षांनी माझा खांदा गेला. तोवर मला मधुमेह होता. खांदा असा आखडण्याचा हा आजार चाळिशी ते साठीतल्या माणसांना, त्यातही बायकांना जास्त होतो, आणि मधुमेह असला तर धोका कितीतरी पटींनी वाढतो. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. खिडकीचा गज धरून मी अंगाचा भार टाकायचे, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. रात्र मग बसून काढायची. एसटीत वरचा दांडा धरता येईना, तेव्हा कुठे अलिबागला डॉक्टरांकडे गेले. एक्स-रेत काही निघालं नाही. त्यांनी फिजिओथेरपीसाठी पाठवलं.

तिथल्या मुलीने मला उताणं झोपवलं. कोपर कमरेला टेकवून काटकोनात वाकवायला लावलं आणि म्हणाली, ‘हात सैल सोडा, मी फिरवते.’ उजवा हात तिने अलगद बाहेरच्या बाजूला नेला, तो सहज गेला. डावा थोडासा सरकला आणि थांबला. मला वाटलं मीच ताठ धरलाय. मी म्हटलं, ‘थांबा, नीट सोडते.’ श्वास सोडला, बोटंसुद्धा ढिली केली. हात तिथेच. ती म्हणाली, ‘तुम्ही सोडलाय हो. सांधा सोडत नाहीये.’

मी छताकडे बघत पडून राहिले. हात हलत नाही म्हणजे माणूस तो हलवत नाही, एवढंच मला आजवर कळत होतं. आता हात माझा होता, जोर तिचा होता, मी पूर्ण सोडून दिलेलं होतं, तरी तो जात नव्हता. यात माझी इच्छा, आळस, धीर, काहीच नव्हतं. आणि मग पडवीतली ती दुपार आठवली. वहिनींनीही सोडलेलंच असणार. मी ज्याला टाळणं म्हणत होते ते त्यांच्या हातात नव्हतंच. मी त्यांच्या दुखण्यावर अविश्वास दाखवला होता, आणि वर त्यांना धरून ठेवलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी बघून त्या मुलीने हात खाली ठेवला. तिला वाटलं, दुखलं.

मग मी खोदून खोदून विचारलं. सांध्याभोवती एक पातळ पिशवीसारखं आवरण असतं. काखेच्या बाजूला त्याची सैल घडी असते, हात वर गेला की ती उलगडते. या आजारात त्या आवरणाला सूज येते, मग ते जाड होतं, आखडतं, आणि घडी उलगडायला जागाच उरत नाही. बॉस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन या शल्यचिकित्सकाने 1934 साली खांद्यावरच्या पुस्तकात याला ‘फ्रोजन शोल्डर’ म्हटलं. याचं कारण समजावणं अवघड, उपचारही अवघड, हे त्याने तेव्हाच कबूल केलं होतं. दुखण्याचा काळ, जखडण्याचा काळ, सुटण्याचा काळ, असं हे एक ते तीन वर्षं चालतं. काहींचा हात पुढेही थोडा अडतो.

सगळ्यात जास्त लागला तो नेदरलँड्समधला 2004 सालचा एक अभ्यास. 77 रुग्ण. काहींना वेदनेच्या आतच हलका व्यायाम, काहींना वेदना सोसून ताणण्याचे जोरदार उपचार. दोन वर्षांनी हलक्या व्यायामाच्या गटात 89 टक्के लोकांचा खांदा जवळजवळ पूर्ववत होता, दुसऱ्या गटात 63 टक्के. अभ्यास लहान होता, आणि कोण कुठल्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. म्हणून त्यावर सगळा भार टाकू नये. डॉक्टरही काही वेळा जोर लावून खांदा सोडवतात, पण भूल देऊन, आणि तिथेही हाड मोडण्याचा धोका असतो. आम्ही जाग्या बाईचा हात ओढला होता.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनला मी आधी साफ नकार दिला होता. त्या शब्दाचीच धास्ती. सांध्यात दिलेल्या इंजेक्शनने सुरुवातीच्या काळात वेदना उतरते, मात्र मधुमेह्यांची साखर काही दिवस वाढते, तेव्हा ती तपासत राहायची, हे डॉक्टरांनी नीट सांगितल्यावर घेतलं. झोप लागू लागली. हात हळूहळू आला. टेबलाला टेकून लंबकासारखा झुलवायचा, भिंतीवर बोटं चढवायची, दुखायला लागलं की थांबायचं. ते थांबणं मला सगळ्यात अवघड गेलं.

वहिनींना हे सांगायला मी फार उशीर केला. त्यांचा उजवा खांदा दुखू लागला तेव्हा सांगावंच लागलं. एका खांद्याला झालेलं काही वर्षांत दुसऱ्यालाही होऊ शकतं. साखर तपासली, ती वाढलेली निघाली. पहिल्या वेळी ती तपासावी असं आमच्यापैकी कोणालाच सुचलं नव्हतं.

पडवीतल्या त्या दुपारबद्दल मी त्यांची माफी मागितली. त्या सुपारी सोलत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, ‘मी उठून जाणारच होते गं. तू धरलं होतंस म्हणून बसले.’

मग थोड्या वेळाने विचारलं, ‘ते इंजेक्शन फार दुखतं का?’