तांबड्या उभ्या रेघा

कॉम्प्युटर बिघडला की त्याचा पडदा स्वतःच सांगतो, ‘माझी ही ही आयसी गेलीय’! हे मला कळलं त्या रात्री झोप लागली नाही. मी इतकी वर्षं कॉम्प्युटरसमोर बसून पगार घेतेय, पण आतमध्ये नक्की काय चाललंय हे मशीनच उघडपणे दाखवतंय, असं कधी अनुभवलंच नव्हतं.

मशीन म्हणजे सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम. २३ एप्रिल १९८२ रोजी इंग्लंडमध्ये बाजारात आलेला, रबरी बटणांचा घरगुती कॉम्प्युटर. मामाने त्या काळी लंडनहून आणलेला माळ्यावर पडून होता. ‘‘अगं, ते डबडं काय करायचंय तुला?’’ म्हणत त्याने तो हातात दिला आणि मी अक्षरशः पळतच घरी आले.

उघडला तर आत जेमतेम मूठभर आयसी! साडेतीन मेगाहर्ट्झवर चालणारा झेड-८० प्रोसेसर, १६ केबी रॉम, रॅमच्या आयसी, आणि पडद्यापासून कीबोर्ड, आवाज, टेप हे सगळं एकटीने सांभाळणारी फेरांटी कंपनीची ‘युएलए’. हार्डवेअर रिचर्ड ऑल्टवासर यांचं, बेसिक भाषा बसवली स्टीव्ह व्हिकर्स यांनी, देखणं बाह्यरूप रिक डिकिन्सन यांचं. आणि कमाल म्हणजे रॉममधला प्रत्येक बाइट काय करतो हे समजावून सांगणारं अख्खं पुस्तक इयन लोगन आणि फ्रँक ओ’हारा यांनी १९८३ मध्येच लिहून ठेवलंय! एका माणसाच्या डोक्यात संपूर्ण कॉम्प्युटर मावू शकतो, पहिल्या आयसीपासून शेवटच्या आज्ञेपर्यंत. आजच्या कुठल्या मशीनबद्दल असं म्हणता येईल?

आता ती पडद्याची गंमत. पडद्याची रुंदी ३२ घरांची, प्रत्येक घरात आडवे आठ ठिपके. आठ ठिपके म्हणजे एक बाइट, आठ बिट. खालच्या १६ केबी रॅमच्या, म्हणजे ज्यात हे चित्र साठतं तिच्या, आयसीसुद्धा आठच, ४११६ नंबरच्या, आणि त्यांतली प्रत्येक फक्त एकेक बिट सांभाळते. म्हणजे एक आयसी गेली की बत्तीसच्या बत्तीस घरांत अगदी त्याच जागी उभी रेघ उमटते. रेघ घरात कितव्या ठिपक्यावर आहे ते मोजायचं, सर्किट डायग्राम बघायचा, की आयसी सापडली! ना सॉफ्टवेअर, ना महागडं उपकरण.

पण ती बदलायची घाई करायची नसते, हे मी जाणकारांकडून शिकले. ४११६ला तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात: अधिक १२, अधिक ५ आणि उणे ५. उणे ५ मिळालं नाही तर ही आयसी जळते. आणि ९ व्होल्टवरून हे १२ आणि उणे ५ तयार करणाऱ्या सर्किटमधला टीआर-४ नावाचा चिमुकला ट्रान्झिस्टर हाच या मशीनचा सगळ्यात नाजूक जीव. म्हणून आधी मल्टिमीटर. पिन १, पिन ८, पिन ९. मामाच्या मशीनमध्ये पिन १ वर शून्य! मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! रोग सापडला होता.

ट्रान्झिस्टर मिळाला. पण त्यापायी जळलेल्या आयसीच्या जागी बसवायला ४११६ मिळेना. शेवटी बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत, एका जुन्या दुकानातले काका नंबर ऐकून हसलेच. ‘‘एकेचाळीस सोळा? ताई, हे नाव ऐकून किती वर्षं झाली!’’ मग आतल्या खणातून जुन्या बोर्डावरून काढलेल्या दोन-चार घेऊन आले. पैसे सांगताना त्यांनाच संकोच वाटत होता.

आयसी काढायची पद्धत तर इतकी सुंदर आहे! जुनी आयसी अख्खी उपटायची नाही, नाहीतर बोर्डावरचा ट्रॅक उखडून येतो. तिचे सोळा पाय कटरने कापायचे, मग सोल्डरिंग गनने एकेक पाय गरम करून चिमट्याने अलगद ओढायचा. भोकं पंपाने साफ करायची आणि तिथं आयसी बेस बसवायचा, म्हणजे पुढच्या वेळी नुसती दाबली की झालं.

मग वीज दिली. पडदा काळा झाला, त्यावर बारीक तांबड्या उभ्या रेघा झरझर आल्या (मशीन आपली सगळी रॅम तपासत असतं, प्रत्येक बाइटमध्ये दोन हा आकडा भरून, आणि ते आपल्याला चक्क डोळ्यांनी दिसतं!), मग सगळं पांढरं झालं आणि तळाशी ओळ आली: १९८२, सिंक्लेअर रिसर्च लिमिटेड. मी ओरडलेच.

आणि टेप! टेपरेकॉर्डर नव्हता, म्हणून मोबाइलची ऑडिओ वायर सरळ ‘इअर’ सॉकेटमध्ये घातली. ‘जे’ दाबलं की अख्खा ‘लोड’ शब्द उमटतो. पडद्याच्या कडेला तांबडे-आकाशी पट्टे, मग निळे-पिवळे, कानात ती किंचाळी, आणि पाचेक मिनिटांनी ‘मॅनिक मायनर’ हजर! मॅथ्यू स्मिथ या पोराने १९८३ मध्ये लिहिलेला खेळ, ४८ केबीत.

त्या ४८तल्या वरच्या ३२ केबीची तर वेगळीच गोष्ट. सिंक्लेअरने तिथं अर्ध्या बिघडलेल्या ६४ किलोबिटच्या आयसी स्वस्तात घेतल्या आणि धड असलेला अर्धा भागच वापरला! कोणता अर्धा चांगला, ते बोर्डावरच्या एका तारेच्या जोडणीने ठरतं. मी ती तार भिंगातून कितीतरी वेळ बघत बसले होते.

आता माझं सगळं लक्ष भारतातल्या मशीनवर आहे. १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ इथं विकायला आणला होता, आणि त्याआधी सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून शाळांना बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर मिळाले होते. एखाद्या शाळेच्या अडगळीत, एखाद्या काकांच्या कपाटात ते नक्की असणार. तुमच्याकडे असेल तर कृपा करून भंगारात देऊ नका, आणि उत्साहात लगेच चालूही करू नका. बीबीसी मायक्रोच्या पॉवर सप्लायमधले जुने फिल्टर कपॅसिटर तडकलेले असतात, वीज मिळताच धूर निघतो. ते आधी बदलून घ्या. आणि स्पेक्ट्रम असेल तर त्याच्या ९ व्होल्टच्या पिनला मधे ऋण आणि बाहेर धन असतं, हल्लीच्या बहुतेक अडॅप्टरच्या बरोबर उलट. आधी मल्टिमीटर लावा, मग पिन खुपसा.