आभाळातली पिसू

ऑनसाइटला आलेल्या माणसाचे पहिले चार वीकेण्ड लंडन बघण्यात जातात आणि पाचवा कपडे धुण्यात. सहाव्याला मी ट्रेननं बिगल्सवेडला उतरलो आणि टॅक्सी करून ओल्ड वॉर्डनला गेलो. शटलवर्थ कलेक्शन! गवताची धावपट्टी आणि हँगरमध्ये जुनी विमानं. गर्दी १९०९च्या ब्लेरिओभोवती. मी अडकलो ते एका खेळण्यापाशी.

‘फ्लाइंग फ्ली’, म्हणजे उडती पिसू. लाकूड, कापड, मोटरसायकलच्या ताकदीचं इंजिन आणि एकच सीट. एकामागे एक असे दोन पंख. आंरी मिन्ये या फ्रेंच माणसाला नेहमीच्या विमानात हात-पाय एकत्र चालवणं काही जमेना (माझं ड्रायव्हिंग क्लासमध्ये झालं होतं तेच!). म्हणून त्यानं पायातले पेडलच काढून टाकले. सगळा कारभार एका दांड्यावर. १९३३मध्ये तो स्वतः यातून उडाला आणि पुढच्या वर्षी पुस्तक काढून सगळ्यांना सांगितलं, घरी बनवा! लोकांनी बनवलीही. गॅरेजमध्ये, शेडमध्ये, नोकरी सांभाळून. तुमच्या-माझ्यासारख्यांनीच.

आणि मग ती पडायला लागली. माणसं गेली. १९३६मध्ये फार्नबरोच्या विंड टनेलमध्ये अख्खं विमान ठेवल्यावर कारण सापडलं. नाक जास्त खाली गेलं, की दांडा मागे ओढून उपयोग नव्हता. पुढचा पंख कलायचा, पण दोन पंखांमधल्या फटीतून येणाऱ्या हवेनं मागचाच पंख जास्त उचलला जायचा. म्हणजे पायलट जीव खाऊन ओढतोय आणि नाक आणखी खाली! आधी रिलीज, मग टेस्टिंग. आमच्या प्रोजेक्टमध्ये यावर जोक होतात. इथे मला हसू येईना.

तरी सांगतो, राग नाही आला. कॉकपिटमध्ये डोकावलो तर खुर्ची जेमतेम एका माणसाची. कुणीतरी संध्याकाळी घरी येऊन, चहा पिऊन, हे रंधलं असणार. मी गेल्या दहा वर्षांत हातानं काय बनवलं? मॅगी.

बाबांना फोटो पाठवला. चिंचवडला टूलरूममध्ये आयुष्य गेलं त्यांचं. मला वाटलं, खूश होतील. लगेच उत्तर आलं, “छान आहे रे. चेक कोणी केलं होतं?”

“ज्यांनी बनवलं त्यांनीच,” असं टाइप केलं आणि पुसलं. बिगल्सवेड स्टेशन आलं तरी बाबांना उत्तर गेलं नव्हतं.