दुबईचा थांबा

लंडनला राहणाऱ्या धाकट्या भावाकडे अम्मीला घेऊन जायचं ठरलं, तेव्हा आधी प्रश्न आला तिकिटाचा. मुंबईहून थेट विमान महाग, दुबईला विमान बदललं तर स्वस्त. चिपळूणहून रात्रभर गाडीने मुंबई गाठायची, ती वेगळीच. आम्ही स्वस्तातलं तिकीट घेतलं. अम्मीच्या गुडघ्यांचा हिशेब मात्र त्यात धरला नाही.

दुबईला उतरलो ते पहाटे. विमानतळ कसला, एक शहरच! सरकते पट्टे, लिफ्ट, एका इमारतीतून दुसरीत नेणारी रेल्वे. चालून चालून अम्मी थकल्या. फजरची नमाज त्यांनी खुर्चीवर बसून अदा केली. मग काचेपाशी बसल्या आणि बाहेर बघून म्हणाल्या, ‘‘अगं बाई, ही तर दुमजली इमारत! हिला पंख कुणी लावले?’’

ते होतं एअरबसचं ए-३८०. नाकापासून शेपटीपर्यंत दोन मजले, चार इंजिनं, पंखांचा पसारा जवळपास ८० मीटर. आम्ही बसलो होतो तो विमानतळाचा भाग खास याच विमानासाठी बांधलेला, २०१३ साली सुरू झालेला.

या विमानामागे एक मोठी पैज आहे. २००० च्या सुमारास जगातल्या दोन मोठ्या विमान कंपन्यांनी उद्याच्या प्रवाशाचा वेगवेगळा अंदाज बांधला. युरोपची एअरबस म्हणाली, मोठ्या शहरांचे विमानतळ भरून चालले आहेत. तेव्हा प्रवासी मोठ्या ठिकाणी गोळा करा आणि पाचशे-सहाशे जणांना एकदम न्या. अमेरिकेची बोइंग म्हणाली, लोकांना मध्ये उतरायचं नसतं. तिने ७८७ ड्रीमलायनर काढलं. दोन इंजिनं, वजनाला हलकं, अडीचशे-तीनशे माणसं घेऊन लांबवर थेट जाणारं.

आपल्याकडे एसटी आणि वडापचं असतं, तसंच हे. एसटी भरली तर सगळ्यांनाच परवडते, पण अर्धी रिकामी धावली तरी डिझेल तेवढंच जळतं. वडाप थोडी माणसं घेतं आणि दाराशी सोडतं. ए-३८० चं तेच झालं. पूर्वी दोन इंजिनांच्या विमानाला वाटेतल्या विमानतळांपासून फार दूर जायची मुभा नव्हती. इंजिनं भरवशाची झाली तशी ती अट सैल होत गेली. मग चार इंजिनांचं इंधन कशाला जाळायचं? शिवाय एवढं मोठं विमान प्रत्येक विमानतळाला झेपतही नाही.

ए-३८० ची प्रवासी सेवा २००७ मध्ये सुरू झाली आणि शेवटचं विमान डिसेंबर २०२१ मध्ये कंपनीबाहेर पडलं. एकूण २५१ विमानं. त्यातली १२३ एकट्या दुबईच्या एमिरेट्सने घेतली. ड्रीमलायनर मात्र हजाराच्या वर गेली. एअरबसनेही पुढे दोन इंजिनांचं ए-३५० काढलं. बोइंगचंही सगळं सुरळीत झालं नाही. बॅटऱ्यांच्या बिघाडामुळे २०१३ मध्ये जगभरातली ड्रीमलायनर काही महिने जमिनीवर उभी होती. अंदाज बरोबर आला, तरी काम चोख लागतंच.

आता तर एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला तीन आसनांची लहान विमानंही महासागर ओलांडू लागली आहेत. एअरबसचं ए-३२१ एक्सएलआर सुमारे ८,७०० किलोमीटर जातं. २०२४ च्या नोव्हेंबरात ते माद्रिदहून बोस्टनला प्रवासी घेऊन गेलं. अशा विमानांमुळे जिथे मोठं विमान भरणार नाही, त्या मध्यम शहरांनाही उद्या थेट सेवा मिळू शकेल.

मग दुबई ओस पडेल का? तसं दिसत नाही. २०२४ मध्ये या विमानतळावरून ९ कोटींहून जास्त प्रवासी गेले. जगाच्या मधोमध असलेल्या गावात चारी दिशांचे लोक जमतात, तिथे ती दुमजली इमारत अजूनही भरते. आमच्यासारखे पैसे वाचवणारे तिला भरतात.

परत आल्यावर वर्गात हे सगळं सांगितलं. आठवीतल्या एका मुलीने विचारलं, ‘‘मग जिंकलं कोण?’’ आम्ही म्हटलं, बोइंगने प्रवाशाचं मन ओळखलं, पण प्रवाशाचा खिसा दुबईने ओळखला.

घरी अम्मी अजून गुडघ्याला तेल चोळतात आणि नातवाची आठवण काढतात. पुढच्या सफरीसाठी आम्ही दर महिन्याला थोडे पैसे बाजूला ठेवतो आहोत. या वेळी तिकीट थेट काढायचं, इन्शाअल्लाह.