दुसरा प्रकाश कशाला?

सेमीकंडक्टर ऑप्टिकल अ‍ॅम्प्लिफायर पुस्तकात वाचताना सोपा वाटला होता. इंडियम फॉस्फाइडच्या जेमतेम मिलिमीटरभर चिपला करंट द्यायचा; एका टोकाने शिरलेला मंद प्रकाश दुसऱ्या टोकाने शंभरपट होऊन निघतो. लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली पाहिलं, तर फायबर चिपसमोर चांगला वीस-बावीस अंशांनी तिरका उभा! चिपमधली प्रकाशाची वाट मुद्दाम 7 अंश कलती ठेवतात, म्हणून बाहेर पडताना प्रकाश आणखी वळतो. वाट सरळ असती आणि टोकांना लेप नसता, तर जवळजवळ 30 टक्के प्रकाश आतच परतला असता आणि अ‍ॅम्प्लिफायरचा लेसर होऊन बसला असता.

एवढं उमगतंय तोवर फायबरला नुसता हात लागला तरी मीटरवरचा आकडा हलायला लागला. हात लागला की फायबरमधल्या प्रकाशाचं ध्रुवीकरण बदलतं, आणि आमची चिप आडव्या ध्रुवीकरणाला जास्त वाढवते, उभ्याला कमी. फायबर टेबलाला टेपने चिकटवून टाकला.

पण खरी चक्रावले ती ऑसिलोस्कोपसमोर. 10 गिगाबिटच्या सिग्नलमध्ये सलग शून्यांनंतर येणारा पहिला ‘एक’ उंच, त्यामागचे बुटके. करंट वाढवला, गेन (म्हणजे प्रकाश किती पट होतो ते) वाढला, तसा हा वेडावाकडेपणाही वाढला. लॅबच्या मॅडम म्हणाल्या, ‘‘अगं, पहिल्या बिटने आतले इलेक्ट्रॉन खर्च करून टाकले. ते भरून यायला शेकडो पिकोसेकंद लागतात, आणि तुझा पुढचा बिट 100 पिकोसेकंदांत दारात हजर!’’ लांब पल्ल्याच्या लाइनवरच्या अर्बियमच्या अ‍ॅम्प्लिफायरला हा त्रास नाही. तिथला हिशेब मिलिसेकंदांचा, एकेका बिटची त्याला दखलच नसते. संथपणा असा कामाला येतो, हे पचायला मला वेळ लागला.

मग मॅडमनी वेगळ्या तरंगलांबीचा, जोरदार, अखंड असा दुसरा प्रकाश चिपमध्ये सोडायला लावला. गेन घसरला. वाढवण्यासाठी आणलेल्या चिपची वाढ आपणच का कापतोय, मला कळेना. पण पडद्यावरचे ‘एक’ बघता बघता एका उंचीला आले! तो प्रकाश इलेक्ट्रॉनांची पातळी फार वरखाली होऊ देत नाही, भरपाईही लवकर होते. बाहेर पडल्यावर फिल्टर त्याला बाजूला काढतो. गेन देऊन एकसारखेपणा मिळवायचा, हा सौदा मला फार आवडला.

आता नॉइजचा प्रश्न आहे. सिग्नल नसतानाही चिप आपणहून प्रकाश टाकते, आणि तो सिग्नलमध्ये मिसळतो. भरपाईच्या त्रासावर मात्र आणखी एक वाट दिसते: क्वांटम डॉटच्या चिप त्यात खूप वेगवान असतात. त्यातली एक मागवता येईल का, हे मॅडमना विचारायचं आहे.