नेम

फराळाचा वास आणि बंदुकीच्या तेलाचा वास माझ्या मनात असे मिसळून गेले आहेत, की चकली तळली जाऊ लागली की मला आमची खडकवासल्याची माडी आठवते. गोष्ट १९६० सालच्या दिवाळीतली. पानशेतच्या लोंढ्याने खडकवासल्याचे जुने धरण फुटले ते पुढच्या वर्षी, १२ जुलैला. शिकारबंदीचा १९७२चा कायदा तर फारच दूर. भात पिकले होते आणि रात्री सिंहगडाकडच्या रानातून डुकरे उतरत होती.

आप्पा, म्हणजे माझे थोरले काका, आजोबांची ३१५ बोअरची रायफल घोंगडीवर घेऊन बसले. ती रिकामी असल्याची दोनदा खात्री केली, बोल्ट बाहेर काढला आणि नळी खिडकीकडे धरली. "बघ, आटे दिसतात?" दिसत होते, मध्ये एक तांबूस डागही होता. मग नरसाळ्याने नळीत उकळते पाणी! काकू दारातच थबकल्या. पण जुन्या काडतुसांच्या टोपीतला क्षार नळीत राहतो, ओल ओढतो आणि पोलाद खातो. तो पाण्यात विरघळतो, तेलात नाही. मग दोरीला फलालीनची चिंधी बांधून नळी कोरडी होईपर्यंत ओढायची आणि शेवटी तेलाचा पुसट हात. दस्त्याला आप्पा जवसाचे तेल तळहाताने चोळत. एरवी अबोल माणूस, पण तेवढा वेळ बोलत असे.

तिसऱ्या प्रहरी मातीच्या उंच दरडीला कागद लावला. पोत्यावर नळी टेकवून आप्पांनी पन्नास पावलांवरून तीन गोळ्या झाडल्या, बोल्ट उघडा ठेवला आणि मला पिटाळले. गोळ्या डावीकडे लागल्या तर पुढची माशीही डावीकडेच सरकवायची असते. पण कागदावर एकही भोक नव्हते. आप्पा माझ्याकडे आशेने पाहत होते. मी खिशातल्या खिळ्याने मधोमध तीन भोके पाडली.

संध्याकाळी चकली घशाखाली उतरेना. जखमी डुक्कर माणसावर उलटते, हे मला आप्पांनीच सांगितले होते. ते काडतुसे मोजू लागले, तेव्हा मी रडत सारे सांगून टाकले.

आप्पांनी चष्मा धोतराच्या सोग्याने पुसला आणि कागद दिव्याजवळ नेऊन भोकांवरून बोट फिरवले.

"आठ मिलिमीटरची गोळी, आणि भोक एवढेसे? मला तेव्हाच दिसायला हवे होते रे."

रायफल कपाटात गेली. त्या रात्री आम्ही दोघे बांधावर रॉकेलचे रिकामे डबे बडवत बसलो.