मेसिनाची मुकी फीत

२८ डिसेंबर १९०८. सिसिली बेटावरचं मेसिना शहर पहाटेच्या गाढ झोपेत होतं. अर्ध्या मिनिटाच्या भूकंपात ते कोसळलं, मागोमाग समुद्र आत शिरला. ६० हजारांहून अधिक जीव गेले. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन.

लुका कोमेरिओसारखे कॅमेरावाले तिथे पोचले. त्या काळातल्या मुक्या फिती आम्ही पाहिल्या. बंदरालगतची महालांची रांग शाबूत वाटते; नीट पाहावं तर उभ्या आहेत त्या फक्त दर्शनी भिंती. आवाज कसलाच नाही. ढिगाऱ्याखालच्या हाका कॅमेऱ्याला कुठून ऐकू येणार?

याच किनाऱ्यावर ११८४ च्या रमजानात हजहून परतणाऱ्या इब्न जुबैर यांचं जहाज फुटलं होतं. नावाडी किनाऱ्याला न्यायचे पैसे मागत होते आणि गरीब मुसलमानांचे हात रिकामे. तिथला ख्रिस्ती राजा दुसरा विल्यम स्वतः पाहायला आलेला. त्यानेच त्यांचं भाडं भरलं. इब्न जुबैर यांनी सफरनाम्यात ते मोकळ्या मनाने लिहून ठेवलं आहे.

१९०८ मध्येही आधी धावून आलेल्यांत परकेच होते: रशियन नौदलाचे खलाशी. पुढे शहर पुन्हा वसलं, बुटक्या इमारतींचं आणि रुंद रस्त्यांचं.